पीओएस कीबोर्ड: बटणांची मांडणी, प्रोग्रामिंग आणि नेहमीच्या गफलती

प्रश्न असा आहे. पीओएससाठी, म्हणजे दुकानाच्या बिलिंग काउंटरसाठी, ८४ बटणांचा यूएसबी प्रोग्रामेबल (प्रत्येक बटणाला हवं ते काम देता येणारा) कीबोर्ड आणला आहे, त्यातच कार्ड रीडर आणि किल्लीचं कुलूप आहे. बिलिंगचा संगणक विंडोजवर चालतो आणि बारकोड स्कॅनरही त्यालाच जोडलेला आहे. सोबत आलेल्या सॉफ्टवेअरमधून काही बटणं भरून पाहिली. पण कधी कोडऐवजी भलतीच अक्षरं पडतात, मोठ्या बटणावर वस्तू दोनदा लागते, आणि आधी नग टाकून वस्तूचं बटण दाबलं की नग पुसले जातात. असं का होतं, आणि पहिल्यापासून सगळं नीट कसं बसवायचं?

तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत आणि त्यातल्या एकीतही कीबोर्ड बिघडलेला नाही. तो बदलून आणू नका. नवा आणलात तरी हेच होईल.

कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही

बाकीच्या सगळ्याचं मूळ इथे आहे. कीबोर्ड संगणकाला ‘ए’ किंवा ‘५’ असं काही पाठवत नाही. अमुक क्रमांकाचं बटण दाबलं, अमुक क्रमांकाचं सोडलं, एवढंच तो सांगतो. त्या क्रमांकाचं अक्षर करण्याचं काम विंडोजचं, आणि विंडोज ते त्या क्षणी निवडलेल्या भाषेच्या लेआउटप्रमाणे, म्हणजे कुठल्या बटणावर कुठलं अक्षर या मांडणीप्रमाणे, करतं. यूएसबीच्या नियमांत वरच्या रांगेतल्या १ चा क्रमांक ३० आहे आणि नंबर पॅडवरच्या १ चा ८९. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण संगणकाला ती दोन वेगळी बटणं आहेत.

प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही ‘मिल्क’ असा इंग्रजी शब्द टाइप करता तेव्हा ते सॉफ्टवेअर त्या अक्षरांचे बटण-क्रमांक काढून कीबोर्डमध्ये ठेवतं, आणि तेही बहुतेक वेळा अमेरिकन लेआउट गृहीत धरून. आता बिलिंगच्या संगणकावर इनस्क्रिप्ट हा देवनागरी लेआउट चालू असेल तर ‘के’च्या जागी ‘क’ उमटेल आणि ‘एल’च्या जागी ‘त’. जर्मन लेआउट असेल तर ‘वाय’ आणि ‘झेड’ अदलाबदल होतील. फ्रेंच लेआउटवर तर वरच्या रांगेतले आकडेसुद्धा शिफ्टशिवाय येत नाहीत, म्हणजे नुसत्या आकड्यांचा कोडही चिन्हांचा होऊन पडेल. भलती अक्षरं ‘कधी कधी’ पडतात असं तुम्ही म्हणता, ते याचमुळे. कुणीतरी मधेच भाषा बदललेली असते.

उपाय सोपा आहे. बिलिंगच्या विंडोज खात्यात एकच इनपुट भाषा ठेवा, बाकीच्या काढून टाका. दुसरी भाषा खरोखरच हवी असेल तर भाषा बदलण्याचे शॉर्टकट निदान बंद करा. डावं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं की जुन्या सवयीप्रमाणे भाषा बदलते. एखाद्या बटणाच्या मॅक्रोमध्येच (एका बटणात साठवलेल्या बटणांच्या मालिकेत) ऑल्ट-शिफ्ट-एफ ४ असं काही भरलेलं असेल, तर ते बटणच भाषा बदलून मोकळं होऊ शकतं आणि पुढची सगळी बिलं बिघडतात. हा घोळ सापडायला फार वेळ लागतो, कारण दोष एका बटणात असतो आणि दिसतो दुसऱ्यात.

कॅप्स लॉक आणि नम लॉक ही याच दुखण्याची धाकटी भावंडं. कॅप्स लॉक चालू राहिलं की मॅक्रोमधली लहान अक्षरं मोठी होतात, मोठी लहान होतात. नम लॉक बंद असलं की ८९ क्रमांक पाठवणारं बटण ‘१’ न देता ‘एंड’चं काम करतं आणि कर्सर उडी मारून शेवटी जातो. म्हणून दोन गोष्टी पाळा. वस्तूचा कोड शक्यतो फक्त आकड्यांचा ठेवा, आणि मॅक्रोमध्ये आकडे भरताना वरच्या रांगेतलेच निवडा. हाताने आकडे टाकायच्या बटणांचंही तेच: दिसायला ती नंबर पॅडसारखी मांडा, पण आतून वरच्या रांगेचे क्रमांक द्या. नम लॉकचा प्रश्न कायमचा मिटतो. बिलिंग सॉफ्टवेअर नंबर पॅडच्या बटणांना वेगळं काम देत असेल, तेवढाच याला अपवाद.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागद

आडवे उभे चौकोन आखून कीबोर्डची हुबेहूब जाळी कागदावर काढा आणि प्रत्येक चौकोनाला ओळ-स्तंभ असा पत्ता द्या: ओळ ४, स्तंभ ७. मग बिलिंग सॉफ्टवेअरमधल्या वस्तूंच्या विक्रीची यादी काढा. ज्या वस्तूंना बारकोड आहे त्यांना बटण द्यायचं कारण नाही, त्या स्कॅनरने येतात. बटण द्यायचं ते बारकोड नसलेल्या, सुट्या, वारंवार लागणाऱ्या वस्तूंना. या चाळणीतून गेल्यावर दीडशे वस्तूंची यादी तीस-चाळीसवर येते आणि ८४ बटणं पुरून उरतात.

तरीही पुरत नसतील तर लेयरचा मोह होईल, म्हणजे एक बटण दाबून बाकी सगळ्यांचा अर्थ बदलायचा. एक जादा लेयर चालतो, तोही दाबून धरेपर्यंतच टिकणारा. एकदा दाबला की चिकटून राहणारा लेयर काउंटरवर देऊ नका. कॅशियर मान वर करून गिऱ्हाइकाशी बोलतो आणि परत येतो तेव्हा आपण कुठल्या लेयरवर आहोत हे त्याला आठवत नाही.

मांडणीचे नियम थोडेच आहेत. आकडे उजवीकडे खाली. त्यांना लागून ‘नग’, ‘एंटर’ आणि ‘एकूण’. सर्वाधिक खपाच्या वस्तू आकड्यांच्या शेजारच्या स्तंभांत, म्हणजे हात हलवावा लागत नाही. ‘बिल रद्द’, ‘परतावा’ आणि ‘गल्ला उघडा’ ही तिन्ही वरच्या डाव्या कोपऱ्यात, आणि त्यांच्या व बाकीच्यांच्या मधे एक रिकामी ओळ किंवा स्तंभ. ‘रोख’च्या शेजारी ‘रद्द’ ठेवलेला कीबोर्ड दिसला की तो मांडणाऱ्याने स्वतः कधी गर्दीत बिल केलेलं नाही, हे ओळखावं. वस्तूंचे गट रंगाने वेगळे करा, पण चारच्या वर रंग नकोत.

कागदावर प्रत्येक पत्त्यासमोर चार गोष्टी लिहा: बटणावरचा मजकूर, बटण काय पाठवणार, शेवटी एंटर आहे की नाही, आणि दाबून धरल्यावर पुन्हा पुन्हा जावं की नाही. शेवटच्या रकान्यात आकडे, बाण आणि बॅकस्पेस सोडले तर सगळीकडे ‘नाही’.

टोप्या, कागदी पट्ट्या आणि दुहेरी बटणं

या कीबोर्डच्या बटणांच्या टोप्या दोन भागांच्या असतात. खाली रंगीत बैठक, वर पारदर्शक झाकण, आणि मधे मजकुराची कागदी चकती. टोपी काढायला तारेचा किंवा प्लास्टिकचा की-पुलर वापरा आणि सरळ वर ओढा. स्क्रू ड्रायव्हरने एका बाजूने उचकटली तर स्विचचा दांडा वाकतो. मग ते बटण दाबल्यावर अडकतं किंवा तिरकं बसतं.

चकत्यांसाठी ८० ते १०० जीएसएमचा साधा कागद पुरे. लेझर प्रिंटरवर छापा, कारण ओलसर बोट लागलं की इंकजेटची शाई पसरते. छापताना प्रमाण १०० टक्के ठेवा. ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला की सगळे चौकोन दोन-चार टक्क्यांनी आखडतात आणि कापल्यावर एकही चकती जागेवर बसत नाही. झाकणाचं आतलं माप कॅलिपरने घ्या आणि चकती प्रत्येक बाजूला पाव मिलिमीटर लहान कापा. देवनागरी मजकूर असेल तर वरच्या वेलांटीला आणि खालच्या उकाराला जागा लागते; इंग्रजीसाठी आखलेल्या चौकोनात ‘कु’चा उकार झाकणाच्या कडेखाली जातो आणि तो ‘क’ वाचला जातो. वर-खाली मिलिमीटरभर मोकळी जागा सोडा आणि नाव दोन ओळींच्या वर जाऊ देऊ नका.

आता तुमच्या दुसऱ्या तक्रारीकडे, म्हणजे मोठ्या बटणावर वस्तू दोनदा लागते तिकडे. दुहेरी टोपीखाली दोन जागा असतात, चौपटीखाली चार. काही मॉडेलांत टोपीचा दांडा एकाच स्विचवर बसतो आणि दुसऱ्या जागी नुसता आधार असतो. काहींत दोन्ही स्विच दाबले जातात. तुमचं दुसऱ्या प्रकारचं आहे आणि दोन्ही जागांवर एकच कोड भरलेला आहे. तपासायची रीत अशी: टोपीखालच्या एका जागेला तात्पुरतं ‘ए’ द्या, दुसरीला ‘बी’. नोटपॅड उघडा आणि ते बटण मधोमध, मग डाव्या कडेवर, मग उजव्या कडेवर दाबा. तिन्ही वेळा नुसतं ‘ए’ आलं तर दुसरी जागा मृत आहे. तिन्ही वेळा दोन्ही अक्षरं आली तर कोड एकाच जागी ठेवा आणि दुसरी रिकामी करा. डावीकडे ‘ए’ आणि उजवीकडे ‘बी’ आलं तर टोपी नीट बसलेली नाही. काढा आणि ‘टक्’ आवाज येईपर्यंत दोन्ही कडांवर दाब देऊन पुन्हा बसवा.

यात एक पोटखड्डा आहे. सॉफ्टवेअरमध्ये जागा ‘रिकामी’ करणं आणि तिला ‘मूळ स्थितीत’ नेणं या दोन वेगळ्या गोष्टी. मूळ स्थिती म्हणजे कारखान्यातून येताना तिथे जे होतं ते, आणि ते बहुतेकदा एखादं अक्षर असतं. मग वस्तूच्या कोडमागे एक आगंतुक ‘क्यू’ पडू लागतो.

एकेरी बटण दोनदा लागत असेल तर कारण निराळं. एकतर बटण दाबून धरल्यावर मॅक्रो पुन्हा जाण्याची सोय चालू राहिलेली असते, नाहीतर स्विचचे संपर्क थरथरतात. थरथर गाळण्यासाठी फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डच्या आतलं सॉफ्टवेअर, काही मिलिसेकंद थांबतं; मुक्त स्रोत असलेल्या क्यूएमके फर्मवेअरमध्ये हा वेळ मुळात ५ मिलिसेकंद असतो. स्विच जुना झाला की १० करून पाहावा. एकच बटण सतावत असेल तर मात्र तो स्विच बदलायचा, आकडा वाढवत बसायचं नाही.

जोडणी

यूएसबी असेल तर थेट संगणकाच्या मागच्या पोर्टात लावा, वीज नसलेल्या हबमधून नको. पीएस/२, म्हणजे जुनी गोल पिन, असेल तर संगणक पूर्ण बंद करून मगच पिन लावा किंवा काढा. चालू संगणकात लावण्यासाठी ते बनलेलंच नाही. पीएस/२ ते यूएसबी असा छोटा अडॅप्टर मिळतो, तो कुठल्याही कीबोर्डला चालेल असं समजू नका. कीबोर्ड दोन्ही भाषा बोलणारा असेल तरच तो चालतो, एरवी आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो.

पीओएस कीबोर्डवर बहुधा ‘डिलीट’ किंवा ‘एफ २’ उरलेलं नसतं, आणि बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जायला नेमकं तेच लागतं. एक साधा यूएसबी कीबोर्ड काउंटरच्या खणात ठेवून द्या.

एक बटण, पहिल्यापासून शेवटपर्यंत

चेरी, प्रेकीटेक, पोसिफ्लेक्स, टिप्रो यांची सॉफ्टवेअर दिसायला वेगळी आहेत, पण क्रम तोच. मॉडेल निवडा, पडद्यावरच्या जाळीत जागा निवडा, ती जागा काय पाठवेल ते भरा, फाइल जतन करा, मग ती कीबोर्डमध्ये उतरवा. आधी एवढं पाहून घ्या की मांडणी कीबोर्डच्या आतल्या मेमरीत जाते की संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रामात राहते. एक बटण भरा, कीबोर्ड काढून दुसऱ्या संगणकाला लावा, नोटपॅडमध्ये दाबा. तोच मजकूर आला तर मेमरी कीबोर्डमध्ये आहे. नाही आला तर प्रत्येक काउंटरवर तो प्रोग्राम बसवावा लागेल, आणि तो बंद पडला की कीबोर्ड मुका.

समजा ओळ ४ स्तंभ ७ ला ज्या वस्तूचा कोड ००४१२७ आहे ती द्यायची. आधी साध्या कीबोर्डवर बिलिंग सॉफ्टवेअर उघडा आणि ती वस्तू हाताने बिलात घ्या. दाबलेलं प्रत्येक बटण कागदावर उतरवा. कोड, मग एंटर, एवढंच असेल तर मॅक्रो हाच. माणूस हाताने जे करतो त्यापेक्षा एकही बटण जास्त नको.

नग पुसले जाण्याची तक्रार इथेच जन्मते. मॅक्रो करणाऱ्याला वाटतं, आधी जागा स्वच्छ असलेली बरी, म्हणून तो सुरुवातीला ‘एस्केप’ टाकतो. कॅशियर ‘३’ दाबतो, ‘नग’ दाबतो, मग वस्तूचं बटण दाबतो, आणि त्या बटणातला पहिलाच एस्केप ते तीन नग पुसून टाकतो. पडद्यावर एक नग येतो आणि दोष कॅशियरच्या माथी बसतो. वस्तूच्या मॅक्रोत एस्केप, होम, टॅब यातलं काहीच सुरुवातीला नको. चुकीचं टाइप झालेलं पुसायला वेगळं ‘पुसा’ बटण द्या.

किंमत मॅक्रोत कधीच भरू नका. कोड पाठवा, किंमत डेटाबेसने शोधावी. नाहीतर भाव बदलला की प्रत्येक काउंटरचा कीबोर्ड पुन्हा लिहावा लागतो, एखादा राहून जातो आणि दोन काउंटर दोन भावांनी विकतात. पासवर्डही नको: ज्याला नोटपॅड उघडता येतं त्याला ते एक बटण दाबून पासवर्ड वाचता येतो.

आता वेग. कीबोर्ड प्रत्येक अक्षरासाठी दोन निरोप पाठवतो, दाबलं आणि सोडलं. सहा आकडे आणि एंटर मिळून सात बटणं, म्हणजे चौदा निरोप. संगणक दर ८ मिलिसेकंदांनी विचारणा करत असेल तर ११२ मिलिसेकंद लागतात; दर मिलिसेकंदाला करत असेल तर फक्त १४. दोन्ही वेळा माणसाला ते एका क्षणात झाल्यासारखंच वाटतं, पण बिलिंग सॉफ्टवेअरला नाही. मॅक्रोमधल्या एखाद्या बटणाने नवी खिडकी उघडत असेल आणि ती उघडायला १०० मिलिसेकंद लागत असतील, तर तेवढ्यात आलेली अक्षरं जुन्या खिडकीत पडतात. म्हणून खिडकी उघडणाऱ्या बटणानंतर विराम घाला. १५० मिलिसेकंदांपासून सुरुवात करा आणि संगणकावर भरपूर काम चालू असताना तपासा, रिकाम्या संगणकावर नव्हे. ३०० च्या पुढे जावं लागलं तर मॅक्रो मोडा आणि दोन बटणं करा.

‘रोख’ बटणात तर शेवटचा एंटर टाकायचा की नाही याचा दोनदा विचार करा. नेहमी ‘बिल पूर्ण करायचं?’ असा प्रश्न येतो म्हणून एंटर भरलेला असतो. एखाद्या दिवशी त्या जागी ‘प्रिंटरमध्ये कागद नाही, पुढे जायचं?’ असा प्रश्न येतो आणि आपला एंटर त्यालाही ‘हो’ म्हणून मोकळा होतो.

बिलिंग सॉफ्टवेअर शॉर्टकट बदलू देत असेल तर एफ १३ ते एफ २४ वापरून पाहा. साध्या कीबोर्डवर ही बटणं नसतात, त्यामुळे ती चुकून दाबली जात नाहीत आणि विंडोजही त्यांना सहसा दुसरं काम देत नाही. यूएसबीत त्यांचे क्रमांक १०४ ते ११५ आहेत. मात्र लिनक्सवर एक्स ही खिडक्या दाखवणारी प्रणाली चालत असेल तर यातली काही आधीच ठरलेल्या खास बटणांच्या नावाने येतात; ‘एक्सईव्ही’ किंवा ‘ईव्हीटेस्ट’ चालवून काय पोचतं ते बघा आणि मगच मांडणी करा.

शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट वापरणाऱ्या मॅक्रोत दाबणं आणि सोडणं दोन्ही नोंदी असल्याच पाहिजेत. सोडण्याची नोंद राहिली की शिफ्ट अडकून बसतं आणि पुढचे सगळे आकडे चिन्हं होऊन पडतात. तात्पुरता इलाज म्हणजे साध्या कीबोर्डवरचं तेच शिफ्ट एकदा दाबून सोडणं. विंडोजमधल्या ‘स्टिकी कीज’ आणि ‘फिल्टर कीज’ यांचे शॉर्टकटही बंद करा. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की पहिलं विचारायला येतं, आणि मॅक्रोमुळे पाच शिफ्ट चुटकीसरशी होतात. दुसरं उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरल्यावर जागं होतं आणि मॅक्रोतली वेगाने येणारी अक्षरं गिळतं.

स्कॅनरशी भांडण

कीबोर्डसारखा वागणारा स्कॅनर आणि तुमचा कीबोर्ड यांचा मजकूर विंडोज एकाच रांगेत घालतं. मॅक्रो चालू असताना नेमका बारकोड वाचला गेला तर दोन कोड एकमेकांत विणले जातात. तसं क्वचित होतं. जास्त वेळा होतं ते हे: लेयर म्हणून खरं शिफ्ट बटण दिलेलं असतं, कॅशियर ते दाबून ठेवून स्कॅनर चालवतो आणि बारकोडमधले आकडे ‘!’, ‘@’, ‘#’ होऊन पडतात. लेयरचं बटण कीबोर्डच्या आतलं असावं, संगणकाला कळणारं शिफ्ट नसावं. स्कॅनर सीरियल पद्धतीने (कीबोर्डसारखा न वागता वेगळ्या मार्गाने) जोडता येत असेल आणि सॉफ्टवेअर ते घेत असेल तर हे भांडणच संपतं.

कार्ड रीडर आणि किल्ली

चुंबकीय पट्टीवर तीन ट्रॅक असतात. पहिल्यावर अक्षरं-आकडे मिळून ७९ पर्यंत, दुसऱ्यावर फक्त आकडे, ४० पर्यंत, तिसऱ्यावर १०७ पर्यंत. पहिल्या ट्रॅकचा मजकूर ‘%’ ने सुरू होतो, दुसऱ्याचा ‘;’ ने, आणि दोन्ही ‘?’ ने संपतात. कर्मचारी कार्ड किंवा सभासद कार्डासाठी दुसरा ट्रॅक पुरतो; बाकीचे दोन बंद करा, म्हणजे वाचन पटकन होतं आणि कचरा येत नाही. सुरुवातीची खूण काढू नका, तिच्यामुळेच सॉफ्टवेअरला ‘हे कार्ड आहे, वस्तू नव्हे’ हे समजतं. ‘%’ यायला शिफ्ट लागतं, म्हणजे भाषेच्या लेआउटचा वर सांगितलेला घोळ इथेही लागू.

पैसे देण्याची कार्डं या रीडरमधून मुळीच घासू नका. नोटपॅड उघडून कुठलंही सभासद कार्ड फिरवा. आतला सगळा मजकूर उघडा पडद्यावर उमटेल. पैशाच्या कार्डाचं तेच होईल. त्यासाठी स्वतः सांकेतिक रूप देणारं वेगळं पेमेंट यंत्र असतं.

कुलूप जिथे जिथे थांबतं ती प्रत्येक जागा एका बटणासारखी प्रोग्राम होते: नेहमीचं काम, ‘एक्स’ अहवाल, ‘झेड’ अहवाल, व्यवस्थापक वगैरे. जुन्या रोकड यंत्रांपासूनची रीत अशी की ‘एक्स’ने आकडे नुसते बघायचे आणि ‘झेड’ने बघून शून्य करायचे. किल्ली साधारणपणे फिरवल्यावरच मजकूर पाठवते. संगणक पुन्हा सुरू झाला आणि किल्ली आधीपासूनच व्यवस्थापकाच्या जागी असेल, तर सॉफ्टवेअरला ते कळत नाही. दिवसाच्या सुरुवातीला किल्ली एकदा बंदवर नेऊन परत आणायची. आणि किल्लीने येणारा मजकूर ही शेवटी टाइप केलेली अक्षरंच असल्यामुळे, साध्या कीबोर्डवरून कुणीही तीच अक्षरं टाकू शकतो. ती खरी सुरक्षा नव्हे. खरे अधिकार सॉफ्टवेअरच्या खात्यांवर ठेवा.

बिलिंग सॉफ्टवेअर ओपीओएस (विंडोजवर पीओएस उपकरणं जोडण्याची ठरलेली पद्धत) वापरत असेल तर कार्ड आणि किल्ली ड्रायव्हरमार्फत स्वतंत्र उपकरणं म्हणून दिसतात आणि हे बरेचसे प्रश्न उरत नाहीत. तिथे एकच गोष्ट जपा: सॉफ्टवेअर ३२ बिटचं असेल तर ओपीओएसची नोंदणीही ३२ बिटच्या बाजूला हवी. नाहीतर ड्रायव्हर बसलेला असूनही ‘उपकरण सापडत नाही’ असंच येत राहतं.

तपासणी आणि जतन

आधी नोटपॅडमध्ये. प्रत्येक बटण तीनदा दाबा आणि कागदाशी ताडून पाहा. एका ओळीत एका बटणाचं तिप्पट उत्तर आलं की पुढच्या बटणाला जा. ८४ बटणांना अर्धा तास लागतो. मग कॅप्स लॉक चालू करून पुन्हा एकदा, नम लॉक बंद करून पुन्हा एकदा, पण आता एकेकदाच. यानंतर बिलिंग सॉफ्टवेअरच्या सराव पद्धतीत: नग आणि वस्तू, लागोपाठ दोन वेगवेगळ्या वस्तू, वस्तू आणि लगेच स्कॅन, रोख आणि प्रिंटर बंद.

फाइलला तारीख आणि आवृत्ती घालून नाव द्या आणि ती बिलिंगच्या संगणकाबाहेर कुठेतरी ठेवा. कीबोर्डमधून मांडणी परत वाचून घेण्याची सोय पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये नसते. फाइल हरवली तर ८४ बटणं एकेक दाबून पुन्हा उतरवावी लागतात. आवृत्तीचा आकडा कीबोर्डच्या पाठीवर चिकटवा. जादा कीबोर्ड घेऊन ठेवला असेल तर प्रत्येक बदल त्याच्यातही त्याच दिवशी उतरवा, नाहीतर ऐन गर्दीत तो काढाल आणि त्यात सहा महिन्यांपूर्वीचे कोड असतील.

काही दिवसांनी बहुधा अजून एक तक्रार येईल: काउंटर थोडा वेळ रिकामा राहिला की पहिलं बटण लागत नाही, किंवा कोडमधला पहिला आकडा गळतो. विंडोज वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवतं आणि ते जागं होईपर्यंत सुरुवातीची अक्षरं निसटतात. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कीबोर्डची ‘वीज वाचवण्यासाठी बंद करू द्या’ ही खूण काढा. ही दुसरी खूण बहुतेक वेळा पोर्टागणिक लक्षात ठेवली जाते. साफसफाईत कुणी केबल काढून शेजारच्या पोर्टात लावली की कीबोर्ड विंडोजला नवा वाटतो आणि तक्रार परत येते. कुठल्या पोर्टात लावायचं त्यावर रंगीत टिकली लावा, आणि तीच टिकली केबलच्या टोकालाही.